निवड दिल्लीत, नियम म्युनिकमध्ये: एनआरएआय आणि आयएसएसएफचं नातं

नेमबाजीची भारतातली राष्ट्रीय संघटना एनआरएआय आणि या खेळाची जागतिक संघटना आयएसएसएफ यांच्याबद्दल साताऱ्याच्या एका पालकांनी विचारलं आहे: "मुलगी सतरा वर्षांची आहे, १० मीटर एअर रायफल खेळते, यंदा पहिल्यांदा नॅशनलला गेली. एनआरएआय आणि आयएसएसएफ यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय? ऑलिंपिकचा कोटा एकाने जिंकायचा आणि खेळायला दुसऱ्याने जायचं, हे कुणाच्या नियमात बसतं? उद्या निवडीत तिच्यावर अन्याय झाला तर आयएसएसएफकडे थेट दाद मागता येईल का? तिला मायग्रेनसाठी डॉक्टरांनी प्रोप्रानोलोल दिली आहे, त्याचं कुठे काही कळवावं लागतं का?"

शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातून उलगडतं. निवडीबाबत आयएसएसएफकडे थेट दाद मागता येत नाही. तिचे सभासद म्हणजे देशोदेशींच्या राष्ट्रीय संघटना. खेळाडू, पालक, क्लब, इतकंच काय राज्य संघटनासुद्धा तिची सभासद नसते. भारताच्या वतीने ते सभासदत्व एनआरएआयकडे आहे. रेंज ऑफिसर, ज्युरी आणि राज्य संघाचा व्यवस्थापक अशा वेगवेगळ्या नात्यांनी या खेळात वावरताना पालकांचा एक समज मला सतत भेटत आला आहे. वर म्युनिकमध्ये, आयएसएसएफच्या मुख्यालयात, कुणीतरी बसलं आहे आणि आपल्या पोराची कामगिरी त्यांना दिसते आहे, असं त्यांना वाटतं. म्युनिकला स्कोअर दिसतो. तो खेळाडू पुढच्या स्पर्धेला का आला नाही, हे ते विचारत नाहीत, कारण तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवलेलाच नाही.

संघटनांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आयएसएसएफची स्थापना १९०७ साली झ्युरिकमध्ये झाली. पुढे कित्येक दशकं ती यूआयटी या फ्रेंच आद्याक्षरांनी ओळखली जात होती, आजचं नाव १९९८ पासूनचं. मुख्यालय म्युनिकला आहे. एनआरएआय १९५१ ची. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे संस्थापक अध्यक्ष होते, म्हणून आपल्याकडची नॅशनलच्या आधीची मोठी स्पर्धा आजही त्यांच्या नावाने होते आणि रेंजवर सगळे तिला नुसतं 'मावळंकर' म्हणतात. एनआरएआयच्या खाली राज्य संघटना येतात. आपल्यासाठी ती महाराष्ट्र रायफल असोसिएशन, जिची वरळीची रेंज तुम्ही पाहिली असेल. जिल्हा, राज्य, एनआरएआय, आशियाई महासंघ आणि मग आयएसएसएफ अशी ही उतरंड आहे. यातली एकही पायरी ओलांडून वरच्याशी बोलता येत नाही.

रोजच्या व्यवहारात हे नातं कागदांवर चालतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर खेळाडूचा आयएसएसएफ आयडी लागतो आणि तो राष्ट्रीय संघटनेमार्फतच मिळतो. स्पर्धेची एन्ट्री संघटनेच्याच लॉगिनमधून जाते. खेळाडूने स्वतःचे पैसे भरायची तयारी दाखवली, व्हिसा काढला, रायफल घेऊन थेट म्युनिकला जाऊन उभा राहिला, तरी त्याला लेन मिळणार नाही. प्रशिक्षकांचे परवाने आणि ज्युरींचे परवाने हेही संघटनेच्या शिफारशीनेच. पुण्याचे पवन सिंग टोकियो ऑलिंपिकच्या ज्युरीवर गेले आणि ऑलिंपिक नेमबाजीच्या ज्युरीवरचे पहिले भारतीय ठरले, तेव्हा त्यांच्या वैयक्तिक लायकीइतकंच एनआरएआयचं म्युनिकमधलं वजनही त्यामागे होतं, असं मी मानतो.

संघात किती जण घ्यायचे ही मर्यादा आयएसएसएफ ठरवते, कोण घ्यायचे ते एनआरएआय. वर्ल्ड कपमध्ये एका प्रकारात एका देशाचे तिघे पदकासाठी उतरतात. त्याखेरीज आणखी दोघांना केवळ क्रमवारीच्या गुणांसाठी खेळवता येतं. रेंजवर त्यांना आरपीओ म्हणतात. त्यांचा स्कोअर कितीही चढा लागला तरी ते फायनलमध्ये जात नाहीत. भारताच्या एअर रायफल आणि पिस्तूल संघांत आरपीओवरची मुलं मुख्य तिघांपेक्षा पुढे निघाल्याचं अनेकदा घडलं आहे. प्रेक्षकांना ते विचित्र वाटतं, पण आपल्याकडे या प्रकारांत किती दाटी झाली आहे ते त्यावरून कळतं. तुमच्या मुलीला ज्या रांगेत उभं राहायचं आहे ती ही.

यंदा ती नॅशनलला कोणत्या प्रकारात खेळली हे तुम्ही लिहिलेलं नाही. एनआर की आयएसएसएफ? हा फरक पुष्कळ पालकांना दोन-तीन वर्षं कळत नाही आणि तोवर पैसा आणि वेळ दोन्ही गेलेले असतात. एनआर म्हणजे एनआरएआयने देशातल्या खेळाडूंसाठी केलेले राष्ट्रीय नियम. नवोदितांना पूर्ण किट न घेता स्पर्धा खेळता यावी ही त्यामागची सोय आहे आणि ती फार मोलाची आहे. पण एनआरमधलं पदक देशाबाहेर कुणाला माहीत नसतं. भारतीय संघ आयएसएसएफ प्रकारांतूनच निवडला जातो आणि तिथे म्युनिकचं नियमपुस्तक शब्दशः लागू होतं. जॅकेटच्या कापडाचा एक थर अडीच मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, त्याची लवचीकता यंत्रावर तपासली जाते, एअर रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर गेलं तर इक्विपमेंट कंट्रोललाच अडवतात. म्हणून जुनं जॅकेट स्वस्तात मिळतंय म्हणून घेण्याआधी ते आजच्या नियमात बसतं का, हे एखाद्या परवानाधारक ज्युरीला दाखवा.

औषधाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण मला तो सगळ्यांत तातडीचा वाटतो. प्रोप्रानोलोल हे बीटा-ब्लॉकर आहे. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, हाताची थरथर कमी होते, म्हणून नेमबाजीत बीटा-ब्लॉकर स्पर्धेच्या काळातच नव्हे तर स्पर्धेबाहेरही, वर्षभर बंद आहेत. फॅमिली डॉक्टरांना हे ठाऊक असायचं कारण नाही. मायग्रेन, रक्तदाब, परीक्षेची धास्ती अशा साध्या तक्रारींवर ही गोळी सर्रास दिली जाते. गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांना भेटा, मुलगी नेमबाज आहे हे सांगा, पर्यायी औषध मागा. पर्याय नसेलच तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करावा लागतो, आणि इथेही दोन संघटनांची हद्द लक्षात घ्यावी लागते: राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूचा अर्ज नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेकडे, जातो, आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूचा आयएसएसएफकडे. नेमबाजीत बीटा-ब्लॉकरसाठी अशी सवलत मिळणं फार अवघड आहे, कारण औषधाचा परिणाम थेट खेळावरच होतो. पुढच्या स्पर्धेपर्यंत हे काम लांबवू नका.

आता कोट्याकडे वळू. ऑलिंपिकचा कोटा खेळाडूचा नसतो, देशाचा असतो. आयएसएसएफच्या पात्रता नियमांनुसार वर्ल्ड चॅम्पियनशिप, आशियाई चॅम्पियनशिप, पात्रता स्पर्धा अशा ठिकाणी नेमबाज जी जागा मिळवतो ती त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीच्या खात्यात जमा होते. त्या जागेवर कोणाला उभं करायचं हे देशाने ठरवायचं. अट एवढीच की त्या खेळाडूने आयएसएसएफच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत किमान पात्रता गुण, म्हणजे एमक्यूएस, केलेले असावेत. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: आयएसएसएफचा नियम अदलाबदलीला मुभा देतो आणि एनआरएआयचं निवड धोरण ती करतं.

पॅरिसचं उदाहरण घ्या. १० मीटर एअर पिस्तूल महिलांच्या भारताच्या दोन्ही जागा ईशा सिंग आणि पलक गुलिया यांनी मिळवल्या होत्या, ईशाने जानेवारी २०२४ मध्ये जकार्तात आणि पलकने एप्रिलमध्ये रिओत. निवड चाचण्यांनंतर त्या प्रकारात उभ्या राहिल्या मनू भाकर आणि रिदम सांगवान. मनूने स्वतः जो कोटा जिंकला होता तो २५ मीटर पिस्तूलचा. रिदमचाही कोटा २५ मीटरचाच, आणि तिथे मनूच्या जोडीला गेली ईशा. पलक गेलीच नाही. मनूची दोन कांस्यपदकं देशाने डोक्यावर घेतली आणि ते योग्यच होतं, पण त्या यशाखाली एका मुलीने रिओत शेवटच्या संधीला खेचून आणलेली जागा आहे, याचा उल्लेख मी जिथे बोलायला जातो तिथे मुद्दाम करतो.

मनू दोन प्रकारांत खेळणार म्हटल्यावर चार जागांना तिघीच पुरल्या आणि भारताचा एक कोटा मोकळा झाला. एनआरएआयने आयएसएसएफला लेखी विनंती केली की १० मीटर एअर पिस्तूलची ही जागा महिला ट्रॅपसाठी, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी, बदलून मिळावी. आयएसएसएफने ती मान्य केली आणि श्रेयसी सिंग संघात आली. भारताचे एकवीस नेमबाज पॅरिसला गेले, आजवरचा सर्वांत मोठा संघ, आणि त्यातली एक जागा निव्वळ दोन कार्यालयांमधल्या नीट पत्रव्यवहारातून निघालेली होती. संघटनेचे आंतरराष्ट्रीय संबंध चांगले असण्याचा खेळाडूला काय फायदा, असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो.

याची दुसरी, दुखरी बाजू टोकियोच्या वेळी दिसली. भोपाळच्या चिंकी यादवने २०१९ मध्ये दोहात २५ मीटर पिस्तूलचा कोटा जिंकला. मार्च २०२१ मध्ये दिल्लीच्या वर्ल्ड कपमध्ये तिने त्याच प्रकारात सुवर्ण मिळवलं, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतला आणि मनूला मागे टाकून. त्यानंतर काही दिवसांतच टोकियोचा संघ जाहीर झाला आणि चिंकी मुख्य संघात नव्हती. तिच्या कोट्याची अदलाबदल १० मीटर एअर रायफलमध्ये झाली आणि तिथे तेव्हा जागतिक क्रमवारीत अव्वल असलेली इलावेनिल वालारिवन गेली. नियमाच्या दृष्टीने यात कुठेही बोट ठेवायला जागा नाही. पण ज्या मुलीने कोटाही आणला आणि ऐन वेळी सुवर्णही आणलं तिला घरी बसावं लागलं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. अदलाबदल जरूर असावी. पण ती कोणत्या परिस्थितीत होईल, कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि कोणत्या आकड्यांवर होईल, हे वर्षभर आधी छापलेलं असलं पाहिजे.

पॅरिससाठी त्या दिशेने पाऊल पडलं हे मान्य करायला हवं. रायफल आणि पिस्तूलसाठी एप्रिल-मे २०२४ मध्ये दिल्ली आणि भोपाळला चार निवड चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या सर्वोत्तम तीन गुणांची सरासरी धरली गेली. त्याची किंमतही मोजावी लागली. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सुवर्ण घेत १० मीटर एअर रायफलचा कोटा आणला होता. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात जगज्जेता झालेला तो दुसरा भारतीय. चाचण्यांत मात्र संदीप सिंग आणि अर्जुन बबुता पुढे राहिले आणि रुद्रांक्ष पॅरिसला गेला नाही. बबुता पॅरिसच्या फायनलमध्ये चौथा आला. त्याच कैरोत कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये चौथा येऊन कोटा मिळवला होता. त्यालाही त्याच चाचण्यांतून पुन्हा जावं लागलं, तो टिकला आणि १ ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदक घेऊन आला. एकाच धोरणाने आपल्या दोन मराठी मुलांना दोन वेगळ्या निकालांपर्यंत नेलं. रुद्रांक्षबद्दल हळहळ मलाही वाटली, तरी आधी ठरलेल्या आकड्यांवर झालेली निवड मला कुणाच्याही कौलापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आता या नात्यातला सर्वांत अवघड भाग सांगतो. तिथे राष्ट्रीय संघटनेच्या हातात फारसं काही नसतं.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात आपले ४० जवान मारले गेले. त्यानंतर आठवडाभरात दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजवर वर्ल्ड कप सुरू होणार होता आणि तिथे टोकियोचे सोळा कोटे ठेवलेले होते. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलसाठी येणाऱ्या पाकिस्तानच्या दोन नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. व्हिसा देणं न देणं हा सरकारचा अधिकार. देशाची त्या वेळची मनःस्थिती काय होती ते वेगळं सांगायला नको. पण ऑलिंपिक चळवळीचा नियम असा आहे की पात्रता स्पर्धेचं यजमानपद घेणाऱ्या देशाने प्रत्येक पात्र खेळाडूला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने रॅपिड फायर पिस्तूलचा पात्रता दर्जा काढून घेतला, दोन कोटे गेले. शिवाय सरकारकडून लेखी हमी येईपर्यंत भारताशी भावी स्पर्धांच्या यजमानपदाबद्दल कसलीही चर्चा करायची नाही, असं ठरवलं. जूनमध्ये हमी दिल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला.

त्या वेळी पुष्कळांनी एनआरएआयला धारेवर धरलं. मला ते अन्यायाचं वाटलं. संघटना सरकारला आदेश देऊ शकत नाही आणि आयएसएसएफला नियम मोडायला सांगू शकत नाही, तिला दोन्हीकडून फक्त पत्रं लिहिता येतात. खरं तर धोका याहून मोठा होता. सगळीच स्पर्धा पात्रतेतून बाद झाली असती. ६१ देशांचे सुमारे ५०० नेमबाज दिल्लीत होते, त्यांचं नुकसान नको म्हणून ऑलिंपिक समितीने कारवाई एका प्रकारापुरती ठेवली. चौदा कोटे वाचले, आणि त्यांतलाच एक सौरभ चौधरीने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये जागतिक विक्रमासह जिंकला.

सगळी स्पर्धाच बाद झाल्याचं उदाहरण जेमतेम तीन वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याचा लाभ आपल्यालाच झाला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुवेतच्या आशियाई नेमबाजी चॅम्पियनशिपसाठी नेमलेल्या इस्रायली तांत्रिक प्रतिनिधीला कुवेतने व्हिसा नाकारला. त्या स्पर्धेचा पात्रता दर्जा रद्द झाला आणि आशियाचे रिओचे कोटे ठरवायला २०१६ च्या सुरुवातीला नवी पात्रता स्पर्धा दिल्लीत भरवली गेली. कुवेतवर तेव्हा आणखी मोठं संकट होतं. क्रीडा संघटनांमधल्या सरकारी हस्तक्षेपामुळे त्यांची ऑलिंपिक समितीच निलंबित होती. रिओत फुहैद अल-दिहानीने डबल ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं, स्वतंत्र खेळाडू म्हणून ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो पहिलाच, पण त्याच्यासाठी कुवेतचा झेंडा चढला नाही, ऑलिंपिकचा चढला. त्याचा सहकारी अब्दुल्ला अल-रशिदी स्कीटचं कांस्य घेऊन त्याच झेंड्याखाली उभा राहिला. मी ज्युरींच्या प्रशिक्षणात हा प्रसंग नेहमी सांगतो. राष्ट्रीय संघटनेचं आंतरराष्ट्रीय सभासदत्व म्हणजे काय, हे त्या दोघांना जितकं समजलं असेल तितकं कोणत्याही नियमपुस्तकातून समजणार नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१४ या काळात भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती. तरी एप्रिल २०१३ मध्ये राही सरनोबतने चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण भारताच्याच नावावर घेतलं. कारण ती स्पर्धा आयएसएसएफची, आणि एनआरएआयचं तिथलं सभासदत्व शाबूत होतं. ऑलिंपिक संघटना आणि खेळाची संघटना या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक बंद पडली म्हणून दुसरी आपोआप बंद पडत नाही.

म्युनिकचे नियम बदलतात तेव्हा आपल्या रेंजवर काय होतं, हेही पाहा. २०१७ मध्ये पुरुषांची ५० मीटर पिस्तूल, ५० मीटर प्रोन (पालथं पडून रायफल) आणि डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून गेले आणि त्यांच्या जागी मिश्र सांघिक प्रकार आले. स्त्री-पुरुषांच्या जागा समान करायच्या होत्या. ही शिफारस करणाऱ्या आयएसएसएफच्या खेळाडू समितीचा अध्यक्ष अभिनव बिंद्रा होता. म्हणजे जितू रायचा हुकमी प्रकार, ५० मीटर पिस्तूल, ज्या फेररचनेत गेला तिच्या मुळाशी एक भारतीयच होता, आणि राज्यवर्धन राठोडने अथेन्सला रौप्य मिळवलेला डबल ट्रॅपही त्यातच संपला. सात वर्षांनी मनू आणि सरबज्योत सिंगचं पॅरिसचं कांस्य याच नव्या मिश्र प्रकारातून आलं. २०१८ पासून महिलांच्या एअर रायफल आणि एअर पिस्तूलला चाळीसऐवजी साठ शॉट झाले. तुमच्या मुलीला चाळीस शॉटचा सामना ठाऊकही नसेल, पण ज्या मुलींनी दहा वर्षं चाळीस शॉटचा श्वास बसवला होता त्यांना सगळं नव्याने बांधावं लागलं.

हे नियम ठरवणारे आयएसएसएफचे पदाधिकारी ज्या सभेत निवडले जातात तिथे मतं मोजली जातात. २०१८ मध्ये व्लादिमीर लिसिन १४८ विरुद्ध १४४ मतांनी लुचानो रॉसींना हरवून अध्यक्ष झाले. २०२२ मध्ये रॉसींनी १३६ विरुद्ध १२७ ने परतफेड केली. इतक्या निसटत्या निवडणुकांत प्रत्येक देशाच्या मताला भाव येतो. २०१८ च्याच सभेत एनआरएआयचे तेव्हाचे अध्यक्ष रणिंदर सिंग चार उपाध्यक्षांपैकी एक म्हणून १६१ मतांनी निवडून आले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. नंतर देशांतर्गत क्रीडा संहितेतल्या बारा वर्षांच्या मर्यादेमुळे त्यांना एनआरएआयमधून बाजूला व्हावं लागलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कलिकेश नारायण सिंग देव अध्यक्ष झाले. पदाधिकाऱ्यांच्या मुदतीवर मर्यादा हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण म्युनिकमधलं स्थान तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणून पुढची फळी आधीपासून समित्यांवर आणि ज्युरींवर पाठवत राहणं हे संघटनेचं काम आहे. तिथे आपण अजून कमी पडतो.

वजन असलं तरी सगळं जमतंच असं नाही. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या ६६ पदकांपैकी १६ नेमबाजीची होती, तरी बर्मिंगहॅम २०२२ मधून नेमबाजी वगळली गेली. राष्ट्रकुल महासंघ ही वेगळी संस्था, तिच्यावर आयएसएसएफचीही सत्ता चालत नाही. चंडीगडला वेगळी राष्ट्रकुल नेमबाजी स्पर्धा घेण्याचा तोडगा मंजूर झाला आणि कोविडमध्ये तोही बारगळला. पॅरा नेमबाजीचंही असंच, अवनी लेखराचा खेळ आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीच्या छत्राखाली येतो, त्यात आयएसएसएफ निर्णय घेत नाही. तुमच्या ओळखीत कुणी पॅरा नेमबाज असेल तर त्याला माझ्या या उत्तरातली संघटनांची नावं जशीच्या तशी लागू करू नका.

मग तक्रार कुठे करायची? आयएसएसएफ तीन गोष्टींत खेळाडूचं ऐकते: तिच्या स्पर्धेत झालेला तांत्रिक वाद, डोपिंग, आणि तिच्या स्वतःच्या पदाधिकाऱ्यांचं वा स्पर्धेतलं गैरवर्तन. स्पर्धेतला आक्षेपही लेखी, शुल्क भरून, ठरलेल्या वेळेत द्यावा लागतो आणि तोही संघाच्या अधिकाऱ्यामार्फत. निवडीचा वाद मायदेशातच लढावा लागतो. पहिलं पत्र राज्य संघटनेला, दुसरं एनआरएआयला. तिथे समाधान झालं नाही तर आजवर खेळाडू उच्च न्यायालयात जात आले आहेत. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात अशा वादांसाठी वेगळ्या क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. न्यायालय तुमच्या मुलीचा स्कोअर संघातल्या मुलीपेक्षा चांगला होता का, यात सहसा शिरत नाही. जाहीर केलेलं धोरण पाळलं गेलं का, एवढंच ते पाहतं.

म्हणून धोरण हातात असणं महत्त्वाचं. एनआरएआय आपली निवडीची धोरणं आणि त्यांतल्या दुरुस्त्या संकेतस्थळावर टाकते. प्रत्येक आवृत्ती उतरवून तारखेसह जपून ठेवा, कारण दुरुस्तीनंतर जुनी प्रत शोधणं कठीण जातं. मुलीच्या प्रत्येक ट्रायलचा अधिकृत निकाल, डेसिमलसकट, त्याच फाइलमध्ये लावा. यंदा ती एनआरमधून खेळली असेल तर प्रशिक्षकांशी बोलून आयएसएसएफ प्रकारात जाण्याची वेळ ठरवा आणि त्याआधी राज्य संघटनेकडच्या नोंदीत तिचं नाव, जन्मतारीख आणि प्रकार बरोबर आहेत ना ते बघून घ्या. पासपोर्टवर, आधारवर आणि शूटर आयडीवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. आमच्या राज्य संघातल्या एका मुलाची परदेशातली एन्ट्री याच कारणावरून शेवटच्या दिवसापर्यंत अडकली होती. संघटनेच्या कार्यालयातून म्युनिकला दोन मेल गेल्यावर ती सुटली.